लाइन कुठून येते? मुंबईत, सायकलवर

तुमच्या मोबाइलची बॅटरी आत्ता किती टक्के आहे? बघा, हात लगेच खिशात गेला ना! वीसच्या खाली आकडा आला की आपला जीव वर-खाली व्हायला लागतो. ऑफिसात चार्जर विसरून आलेला माणूस कसा केविलवाणा चेहरा करून डेस्कमागून डेस्क फिरत असतो, आठवा. पण तो चार्जर भिंतीतल्या ज्या दोन-तीन भोकांत खुपसतो, त्यांच्या मागे काय आहे हे विचारायची वेळ आपल्यावर येत नाही. मुंबईत तर नाहीच नाही.

माझ्यावर ती लहानपणीच आली, कारण मी अमडापूरची. जिल्हा बुलढाणा, तालुका चिखली. चिखलीहून खामगावला जाताना लागतं ते गाव, टेकडीवर बल्लाळदेवीचं देऊळ असलेलं. आमच्या वऱ्हाडात वीज कधी जात नाही, 'लाइन' जाते. मग 'लाइन आली!' म्हणून अख्खी गल्ली ओरडते. लोडशेडिंगच्या वेळा मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. मास कॉम करायला मुंबईत आले, तेव्हा होस्टेलवर पहिल्याच रात्री मी रूममेटला विचारलं, "इथे लाइन कितीला जाते गं?" तिने फार मनापासून उत्तर दिलं, "कुठली? वेस्टर्न की सेंट्रल?"

तर, या शहरात वीज पहिल्यांदा आली कुठे, कुणासाठी आणि कुठून, याचा एक सायकल रूट मी तयार केलाय. सकाळी सहाला कुलाब्यातून निघायचं, नाश्त्यापर्यंत दादर. पंधराएक किलोमीटर. गिअरची सायकल असेल तर उत्तम, नसेल तरी बिनधास्त निघा, सगळा सपाट रस्ता आहे. रविवारच पकडा. हा रविवारसुद्धा या गोष्टीतलं एक पात्र आहे, त्याच्याकडे नंतर येऊच.

सुरुवात कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाउसपासून. बसवर हे नाव हजारदा वाचलेलं असतं आणि तो फक्त एक स्टॉप आहे अशी आपली समजूत असते. ही बेस्टची इमारत. या भागात एके काळी ट्रामच्या घोड्यांचे तबेले होते. हो, घोड्यांचे! मुंबईत ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ला, तेव्हा ती घोडे ओढायचे आणि कंपनीच्या पदरी तब्बल ९०० घोडे होते असं सांगतात. बेस्ट या नावातला शेवटचा 'टी' मुळात ट्रामवेजचा, ट्रान्सपोर्टचा नंतर झाला. पण त्याच्या आधी 'ई' आणि 'एस' आहेत, म्हणजे इलेक्ट्रिक सप्लाय. १९०५मध्ये ही कंपनी निघाली तीच मुळी वीज आणि ट्राम एकत्र विकायला. आज बेस्टची बस चुकली म्हणून चडफडणाऱ्या दक्षिण मुंबईकराच्या घरात लाइटचं बिलही बेस्टचंच येतं, ते या जुन्या जोडीमुळे.

दोन पॅडल मारलीत की गेटवे. ताजमहाल हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३मध्ये. तारीख नीट बघा, बेस्टच्या दोन वर्षं आधी! शहराला वीज पुरवणारी कंपनी नव्हती, तेव्हा ताजने स्वतःची वीज स्वतः तयार केली आणि दिवे लावले. आत राहणारे पाहुणे राजेरजवाडे आणि साहेब, बाहेर रस्त्यावर गॅसचे दिवे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या १८६५पासून होत्या. जनरेटरवाली सोसायटी आणि बिनजनरेटरची चाळ हा भेद मुंबईत तेव्हापासूनचा म्हणायचा.

तिथून काळा घोडा, हुतात्मा चौक, डी. एन. रोड करत सीएसएमटी. या वेळेला रस्ता इतका मोकळा असतो की सायकलवरून मान वर करून इमारती बघता येतात, एरवी टॅक्सीच्या मागच्या बंपरशिवाय काही दिसत नाही. महापालिकेच्या इमारतीसमोर थांबा. ७ मे १९०७ला मुंबईची पहिली विजेची ट्राम इथून सुटली आणि क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. सायकलवर हे अंतर दोन मिनिटांचं आहे, मी घड्याळ लावून बघितलंय. एवढ्याशा प्रवासासाठी कोण जमलं असेल असं वाटेल, पण विचार करा. पुढे घोडा नाही, इंजिन नाही, धूर नाही, आणि गाडी चाललीय. आपल्याकडे ड्रायव्हरशिवाय टॅक्सी आली तर आपणही फोटो काढायला धावूच की!

क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, हे या रूटमधलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. इमारत १८६९ची, दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग यांची. इथे १८८२मध्ये विजेचे दिवे लागले. मुंबईतले पहिले. एडिसनचं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं प्रसिद्ध वीज केंद्र सुरू झालं ४ सप्टेंबर १८८२ला. म्हणजे ज्या वर्षी न्यूयॉर्क उजळलं, त्याच वर्षी आपल्या मंडईत फळं आणि भाजी विजेच्या उजेडात विकली गेली. सही ना?

पण थांबा. ज्या ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मंडईत आणि काही रस्त्यांवर दिवे द्यायचा करार महापालिकेशी केला होता, ती थोड्याच काळात दिवाळखोरीत गेली. मंडई परत गॅसवर! डॉट कॉमच्या बुडबुड्यात आपल्या सिनिअर्सच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्या किश्शांची आठवण यावी असा हा प्रकार. फंडा बरोबर, टायमिंग चुकलं. नीट, कायमची वीज यायला पुढची वीस-बावीस वर्षं जावी लागली. मला ही मधली वर्षं फार खरी वाटतात. आपल्याला इतिहासात 'अमुक साली वीज आली' एवढंच वाचायची सवय असते. प्रत्यक्षात ती येते, जाते, पुन्हा येते. अमडापूरच्या कुठल्याही माणसाला विचारा.

मंडईच्या मागून मस्जिद बंदरकडे उतरा आणि पी. डिमेलो रोडने वाडीबंदर. इथे मी आधीच सांगून ठेवते, बघण्यासारखं काहीही नाही. गोदामं, ट्रक, चहाची टपरी आणि कुत्री. पण बेस्ट कंपनीचं पहिलं वीज केंद्र याच भागात होतं, ४,३०० किलोवॅटचं, वाफेवर चालणारं. वाफेवरच्या केंद्राला कोळसाही लागतो आणि पाणीही, त्यामुळे ते बंदराच्या काठाला असणार हे ओघाने आलंच. गरज वाढली तसं पुढे माझगावला कुसारा इथे आणखी मोठं केंद्र उभं राहिलं.

४,३०० किलोवॅट म्हणजे किती? दीड टनाचा एसी ढोबळमानाने दीड किलोवॅट खातो. म्हणजे त्या केंद्रावर आज तीन हजार एसीसुद्धा चालणार नाहीत. बीकेसीतल्या एखाद-दुसऱ्या चकचकीत इमारतीत खेळ खलास! आता उन्हाळ्यात मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या आसपास जाते, वाडीबंदरच्या सुमारे नऊशे पट. टपरीवर कटिंग घेताना हा हिशेब मी चहावाल्या भाऊंना ऐकवला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे एकच बल्ब आहे, तेवढा चालला पाहिजे."

टपरीच्या मागच्या बाजूने हार्बरची लोकल जाताना दिसते. ती पण याच गोष्टीतली. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून याच हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. डायरेक्ट करंट, १,५०० व्होल्ट. ती जुनी पद्धत हार्बरवर थेट २०१६पर्यंत टिकून होती. म्हणजे कॉलेजात असताना मी ज्या लोकलला लटकले, ती १९२५च्या विजेवर चालत होती म्हणा ना!

भायखळ्यावरून आता आत वळा, सातरस्त्याला. जेकब सर्कल हे त्याचं जुनं नाव आणि संत गाडगे महाराज चौक हे आजचं. आमच्या अमरावतीकडचे बाबा, हातात खराटा घेऊन गावं झाडणारे, म्हणून मला इथे आलं की उगाचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. तर इथे सिम्प्लेक्स मिल होती. आता त्या जागेवर मान दुखेपर्यंत वर बघावे लागणारे टॉवर आहेत.

गिरण्यांचा आणि विजेचा संबंध दोन अंकी आहे. पहिला अंक फारसा कुणी सांगत नाही. वीज गिरणीत आधी आली ती यंत्र चालवायला नाही, तर उजेड पाडायला. त्याआधी गिरणीचा दिवस म्हणजे सूर्याचा दिवस. उजाडलं की सुरू, अंधारलं की बंद. १९०५च्या सुमाराला खात्यांमध्ये विजेचे दिवे लागले, त्यात कापडाला तेजी आलेली, आणि कामाचा दिवस ताणून चौदा-पंधरा तासांवर गेला. गिरणगावात यावरून संप झाले, मारामाऱ्या झाल्या. पुरुष कामगारांच्या तासांना तोपर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. ती आली १९११च्या फॅक्टरी कायद्याने, आणि तीही किती, तर बारा तास!

रात्री साडेअकराला क्लायंटचा कॉल घेताना, किंवा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे शिफ्ट करताना, आपल्या डोक्यावर जी पांढरी ट्यूबलाइट असते, ती या खात्यातल्या दिव्यांची सख्खी नात आहे. आणि रविवार? तो मिळाला १० जून १८९०ला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, तेव्हा कुठे मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. सूर्यावर चालणाऱ्या गिरणीतही लोकांना मोकळा रविवार भांडूनच घ्यावा लागला होता. म्हणून म्हटलं, ही राइड रविवारीच करा.

दुसरा अंक टाटांचा. गिरण्या कोळशावर चालायच्या, कोळसा दुरून यायचा आणि महाग पडायचा. जमशेटजी टाटांच्या डोक्यात सह्याद्रीच्या पावसावर वीज करायची कल्पना होती. ते गेले १९०४ला, कंपनी निघाली १९१०ला, मुलगा दोराबजींच्या काळात. लोणावळा, वळवण, शिरोटा इथे पावसाचं पाणी अडवायचं, घाटावरून पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं आणि तिथे चक्रं फिरवायची. वीज तयार झाली की मनोऱ्यांवरून सुमारे ७० किलोमीटर मुंबईला. फेब्रुवारी १९१५मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते हे सगळं सुरू झालं, आणि खोपोलीच्या विजेवर धावलेली पहिली गिरणी होती ही सिम्प्लेक्स.

आता यात माझं गाव कुठे आलं? आलं की! या गिरण्यांना कापूस लागायचा आणि आमचं वऱ्हाड कापसाचं. अमडापूरहून जवळच खामगाव, तिथला कापूस बाजार तेव्हा इतका मोठा की खास त्याच्यासाठी जलंब-खामगाव रेल्वे फाटा टाकला आणि १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आले. कापूस आमच्याकडून मुंबईला गेला. सह्याद्रीचं पाणी वीज होऊन मुंबईला गेलं. कापडही मुंबईत झालं. वीज मात्र वऱ्हाडातल्या खेड्यांकडे यायला फार वेळ लागला. राज्याचं वीज मंडळच स्थापन झालं २० जून १९६०ला. आमचे काका सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात कंदील आणि चिमणी, लग्नात भाड्याच्या गॅसबत्त्या, आणि गावातली चक्की डिझेल इंजिनवर. इंजिनाचा पुक-पुक आवाज शिवारापर्यंत ऐकू यायचा.

खोपोली पुरेना, तेव्हा टाटांनी मुळशीला धरण बांधायचं ठरवलं. निळा-मुळा खोऱ्यातली मावळ्यांची गावं, भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१च्या रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. दादर-माहीमकडचा सेनापती बापट रस्ता रोज ओलांडणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? १९२४मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली, हत्यार हातात घेऊन, आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच. १९२७पासून मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करायला लागलं. धरणाविरुद्धचा देशातला हा पहिला मोठा सत्याग्रह मानला जातो, नर्मदेच्या साठेक वर्षं आधीचा.

दिवाळीत घरी गेले तेव्हा हे सगळं मी काकांना सांगितलं. आपल्याला वाटतं, जुन्या माणसांना इतिहास सांगितला की ती सुखावतात. काकांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग त्या बुडालेल्या गावाईले लाइन भेटली काय वं?"

पहिली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, असं मी म्हटलं. काका हसले. पावणेअकरा वाजले होते, रब्बीचा हरभरा होता. मोटारीला थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीच मिळत होती. ते बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे निघाले. अंधारात पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला पहिली भीती सापाची असते, दुसरी ओल्या स्टार्टरची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू आहे. ती आमच्या शिवारात लवकर पोचो, कारण काका आता पासष्टीचे आहेत आणि ऐकत नाहीत.

मुंबईकरांना दोष देण्याचा माझा मुळीच बेत नाही, मीही आता इथलंच बिल भरते. पण २००५ ते २०१०च्या आसपास राज्यभर तासन् तास लोडशेडिंग चालू असताना बहुतेक मुंबई त्यातून सुटली होती, ती काही नशिबाने नाही. शहरातल्या कंपन्यांची स्वतःची केंद्रं होती, ट्रॉम्बे आणि डहाणूसारखी. जास्त पैसे देऊन बाहेरची वीज घेणारं गिऱ्हाईक होतं. आणि ग्रिडमध्ये बिघाड झाला तर शहराला बेटासारखं वेगळं काढायची यंत्रणा १९८१पासून होती. तीही १२ ऑक्टोबर २०२०ला फसली. सकाळी दहाच्या सुमाराला लाइट गेले, लोकल जागच्या जागी उभ्या, वर्क फ्रॉम होमवाले नेटवर्क शोधत गच्चीत. माझे सगळे ग्रुप संतापाने पेटले होते. घरच्या ग्रुपवर चुलतभावाचा एकच मेसेज आला, "तिकडे पण लाइन गेली??" दोन प्रश्नचिन्हं आणि खाली हसरे चेहरे, मोजून अकरा.

सातरस्त्याहून लालबाग, परळ करत शेवटचा थांबा दादर टी.टी. हा टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, तिकीट तपासनीसाशी त्याचा काही संबंध नाही. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून सुटलेली मुंबईची शेवटची ट्राम इथे येऊन थांबली. खोदादाद सर्कलला सायकल लावा आणि इडली-डोसा नाहीतर मिसळ हाणा, दादरमध्ये चॉइस भरपूर आहे. अजून दम असेल तर वडाळ्याकडे आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, पण रविवारी तिकडे जायच्या आधी चौकशी करून घ्या.

दोन व्यावहारिक गोष्टी. वाडीबंदर साडेसातच्या आत ओलांडा, नंतर ट्रक सुरू होतात. आणि मागे लाल दिवा लावाच, पहाटे निघताना अंधार असतो. पुढच्या महिन्यात खोपोलीला जायचा प्लॅन आहे, लोकलने, सायकल सोबत घेऊन. पाइप घाटावरून उतरतात ती जागा बघायची आणि वीज करून झालेलं पाणी पाताळगंगेत जातं तिथपर्यंत नदीच्या काठाने जायचं. काका म्हणालेत, पाणी कसं दिसतं त्याचा फोटो पाठव.